बेगमी कशाची?

मे महिना सरत आला की रायगडच्या किनारपट्टीवर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू होते. पेण, अलिबाग, उरणच्या बाजारांत सुक्या मासळीचे ढीग लागतात. जवळा, सुकट, बोंबील, वाकट्या चार महिन्यांच्या हिशोबाने घेतल्या जातात. गोव्यात याच सुमारास मडगाव, म्हापशाला पुरुमेंताची फेस्ते भरतात आणि खारवलेली मासळी, सुक्या मिरच्या, आमसुले, कांद्यांच्या माळा घरोघर जातात. देशावर अंगणांत आणि गच्च्यांवर कुरडया, सांडगे, पापड वाळत पडलेले असतात. वर्षाच्या गव्हा-ज्वारीला ऊन दाखवून कोठ्या भरल्या जातात. या सगळ्याबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक चवीच्या आणि आठवणींच्या अंगाने. मला त्यामागचा विचार अधिक मोलाचा वाटतो. समुद्र खवळणार आणि होड्या वर ओढल्या जाणार, म्हणून मासळी सुकवायची. सरपण भिजणार, म्हणून लाकूडफाटा नि गोवऱ्या आधीच पडवीत रचायच्या. ऊन मिळणार नाही, म्हणून मिरच्या कांडून, मसाले कुटून, डाळी भरडून ठेवायच्या. ओढ्याला पाणी येऊन बाजारची वाट तुटणार, म्हणून मीठ, गूळ, तेल भरायचे. कौले परतायची, गवती छपरांची शाकारणी करायची, पडवीला झापांचा आडोसा करायचा, इरली आणि घोंगड्या काढून बघायच्या. यादीतली एकेक वस्तू म्हणजे बंद पडणाऱ्या एकेका गोष्टीला दिलेले उत्तर आहे.

आगोटीच्या मुळाशी प्रश्न एकच होता: येत्या चार महिन्यांत काय बंद पडणार? उत्तर दर वर्षी तेच असे, म्हणून यादीही ठरून गेली आणि सासूकडून सुनेकडे चालत आली. पुढे रस्ते झाले, पूल झाले, गॅस आला, बारमाही बाजार आला आणि पूर्वी ज्या गोष्टी अडत त्या अडेनाशा झाल्या. हे फार चांगले झाले, यात वाद नाही. पण यादीची गरज संपली तसा तिच्यामागचा प्रश्नही आपण सोडून दिला, आणि तो सोडण्याजोगा नव्हता. आजही घरे अडचणीत येतात. बंद पडणाऱ्या गोष्टी तेवढ्या बदलल्या आहेत आणि त्यांना आता ठरलेले नक्षत्र नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच काळात कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा आगोट भरलेल्या घरांचीही छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. घरात तांदूळ असेल, सुकी मासळी असेल, विहिरीला पाणीही असेल. पण विहिरीवरचा रहाट जाऊन पंप आलेला असला की विजेवाचून ते पाणी खालीच राहते. जुनी यादी पुरी करूनही घर अडले ते याच ठिकाणी. म्हणून आजच्या बेगमीची सुरुवात काय विकत आणायचे इथून न करता काय बंद पडेल इथून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आजच्या घरातल्या बहुतेक सोयी एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत, आणि ती खुंटी म्हणजे वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनरेटर चालू करावे लागले, विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या परीक्षा पुढे गेल्या. बऱ्याच भागांत काही तासांत वीज आली. ती तीन दिवस आली नसती तर काय झाले असते, हे एखाद्या उंच इमारतीपुरते डोळ्यांसमोर आणून बघावे. लिफ्ट आणि वायफाय पहिल्याच क्षणी जातात, त्याचे कोणाला फारसे वाटत नाही. पालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत येते, पण गच्चीवरच्या टाकीत ते पंपानेच चढते. तेव्हा नळाला पाणी येत राहते ते वरची टाकी संपेपर्यंत. एखाद्या घराच्या हे ध्यानात येते आणि तिथे बादल्या भरायला घेतात. त्यांचे पाहून शेजारी भरतात, मग सगळी इमारत भरते, आणि दिवसभर पुरली असती ती टाकी तासाभरात कोरडी होते. संध्याकाळपर्यंत मोबाइल उतरतात; मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासच तग धरतात. फोन गेला की खरेदी थांबते, कारण पाकिटात नोटा ठेवण्याची सवय मोडली आहे आणि एटीएमही बंद आहे. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, त्यापुढे दूध नासू लागते. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे फक्त इंडक्शनची शेगडी आहे त्यांना घोटभर चहा करता येत नाही. दहाव्या मजल्यावर गुडघे दुखणारी एखादी आजी असते. खाली टँकर आला तरी तिच्यासाठी घागर वर कोण नेणार, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला सुचतो. डब्यांत पंधरा दिवसांचे धान्य असलेले घर तिसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्यासाठी आणि संडासात टाकायच्या बादलीसाठी रडकुंडीला आलेले असते. भुकेची पाळी त्यानंतर येते.

पाणी आधी, हा क्रम आपल्याकडे नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात, गड बांधण्यापूर्वी त्या जागी पाणी आहे का ते बघावे, असे सांगितले आहे. अमात्य तेवढ्यावर थांबत नाहीत. गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि पाण्याचा खर्च तर वाढतो. म्हणून राखीव पाण्याची टाकी वेगळी बांधावीत आणि ते पाणी एरवी खर्चू नये, असा त्यांचा दंडक आहे. तोफांनी झरे आटतात की नाही ते बाजूला ठेवले तरी त्यामागची समज पक्की आहे: संकटात पुरवठा घटतो आणि गरज त्याच वेळी वाढते. कोल्हापूरने हे ऑगस्ट २०१९ मध्ये अनुभवले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रेच पुरात बुडाली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाल्यामुळे बाहेरून टँकर, दूध, पेट्रोल आणणेही अवघड झाले. अशा वेळी पिण्याला आणि साध्या स्वयंपाकाला माणशी रोज तीन-चार लिटर पाणी लागते. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी चाळीस-पन्नास लिटर. घट्ट झाकणाच्या दोन-तीन कॅनमध्ये ते मावते. आठवड्याला ते झाडांना किंवा फरशी पुसायला वापरून पुन्हा भरले की झाले. भिंतीवरचे शुद्धीकरण यंत्र विजेवर चालते हे लक्षात घेऊन पाणी निर्जंतुक करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली घरात असावी आणि तिच्यावर लिहिलेले प्रमाण एकदा शांतपणे वाचलेले असावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. ही गोष्ट पुराच्या गावात अजूनही वारंवार सांगावी लागते.

खाण्यापिण्याच्या साठ्याबाबत अलीकडे एक पद्धत रूढ होऊ पाहते आहे: संकटासाठी म्हणून एक पेटी भरायची आणि ती माळ्यावर टाकून विसरून जायचे. अशी पेटी दोन वर्षांनी उघडली तर दाणे खवट, बिस्किटे मऊ आणि विजेरीत गंज धरलेले सेल मिळतात. साठा हाताखालून जात राहिला तरच जिवंत राहतो, हे जुन्या कोठीघराला ठाऊक होते. जुने धान्य आधी काढायचे, नवे त्याच्या मागे लावायचे. गहू भरण्यापूर्वी कोठी उन्हात तापवायची, कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घालायचा, डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, महिन्या दोन महिन्यांनी हात खोल घालून मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि टोके लागलेत का ते बघायचे. पीठ झाले असेल तर बोटांना ते आधी कळते, डोळ्यांना नंतर. जपानमध्ये हीच रीत आज सरकार शिकवते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी त्या तारखेला आपत्तीची तयारी तपासली जाते, आणि घरांना सांगितले जाते की रोज खाता तेच थोडे जास्त आणा, जुने आधी खा, खाल्ले तेवढे पुन्हा भरा. आपल्याला त्यासाठी परदेशी डबाबंद पदार्थांच्या मागे लागण्याचे कारण नाही. चुलीवाचून खाता येणारे पदार्थ मराठी घरात भरपूर आहेत: भिजवून खायचे पोहे, गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळलेले सातूचे पीठ, मेतकूट, भडंग, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, दोन-तीन दिवस टिकणाऱ्या दशम्या. वाटेला शिदोरी बांधून देणाऱ्यांनी हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतले आहेत. उलट डब्यातली तूरडाळ कितीही पौष्टिक असली तरी तिला तासभर इंधन आणि भांडेभर पाणी हवे. साठा मोजताना किलो बघण्यापेक्षा तो शिजवायला काय लागेल ते बघणे शहाणपणाचे.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण अडतात त्याच. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्या संपत आल्यावर आणण्याऐवजी पंधरवडाभर शिल्लक असताना आणाव्यात. घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर फ्रिज बंद पडल्यावर ते कसे ठेवायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यातला गारवा खेड्यापाड्यांत अनेकांना उपयोगी पडला आहे. जुलाबासाठी लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरातल्या थोरल्या मुलालाही पाठ असावे. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाने, विशेषतः पायाला जखम असेल तर, ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरकडे जायला हवे. सुट्या नोटा, सेलवर चालणारा रेडिओ, कागदावर लिहिलेले चार फोन नंबर: आज कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो, म्हणून हा शेवटचा कागद मला रेडिओइतकाच महत्त्वाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो शहरातून. दहा मिनिटांत हवे ते दाराशी येत असताना साठा कशाला? पण ती वस्तू ज्या रस्त्याने, ज्या फोनवरून आणि ज्या पैशाने येते, ते तिन्ही त्या दिवशी अडलेले असतात. दुकानांमागच्या गोदामांतही आता फार माल पडून ठेवत नाहीत. माल रोज येतो आणि रोज संपतो, म्हणून गाडी दोन दिवस आली नाही की फळ्या रिकाम्या दिसतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळ्यांनी साठा केला तर टंचाई होईल, ही साठेबाजीच झाली. याचे उत्तर वेळेत आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि तिचा अंमल मध्यरात्रीपासून होता. त्या चार तासांत किराणा दुकानांसमोर जी गर्दी झाली, तिच्यातल्या प्रत्येक जास्तीच्या पिशवीमुळे मागच्या कोणाला तरी रिकाम्या हाताने परतावे लागले. तेच धान्य फेब्रुवारीत एकेक किलो जास्त आणले असते तर दुकानदाराने पुन्हा मागवले असते आणि कोणाच्या ताटातले काही कमी झाले नसते. सुकाळात केलेली बेगमी बाजारावर ताण आणत नाही, आणीबाणीच्या दिवशी ती बाजारावरचा ताण कमी करते. ज्याच्या घरी पंधरा दिवसांचे आहे त्याला त्या रात्री रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि रांग तेवढी आखूड होते. याला मर्यादाही हवी: आपल्या घरात एरवी वेळेत खाऊन संपेल तेवढेच भरावे. त्यापलीकडचे धान्य टोक्यांच्या पोटी जाते, आणि आपण ते कोणाच्या तरी वाट्यातून घेतलेले असते.

पूरच आला तर साठा घरासकट बुडणार, मग उपयोग काय, असेही विचारतात. रास्त प्रश्न आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोरड्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि हळदीची अतोनात हानी झाली. कीड, ऊन आणि चोर यांच्यापासून राखणारी जागा पुरापुढे सर्वांत दुबळी ठरली. म्हणजे साठा कुठे ठेवायचा हेही काय बंद पडेल आणि काय वर चढेल यावरूनच ठरवावे लागते. नदीकाठच्या घराने पिंप आणि पेटी माळ्यावर ठेवावी. आणि वेळ आलीच तर साठा सोडून निघण्याची तयारी ठेवावी. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात अनेकजण घरात थांबले ते २००५ ची खूण ध्यानात धरून: तेव्हा उंबऱ्यापर्यंत आले नाही, आताही येणार नाही. या वेळी पाणी त्या खुणेच्या वर गेले. कित्येक घरे गोठ्यातल्या जनावरांसाठी थांबली. पाणी अंगणात आल्यावर होडीशिवाय वाट उरत नाही, आणि होड्या थोड्या असतात. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसे भरलेली होडी उलटून माणसे बुडाली. आधीच्या दिवशी पायी निघता येण्याजोगी तयारी हीसुद्धा बेगमीच आहे. दाराशी एक पिशवी, तीत रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, जमिनीचे आणि विम्याचे कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेले, औषधे, चष्मा, दोन कपडे. या कागदांच्या प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही असाव्यात, कारण पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला उभे राहताना चिखलात भिजलेला कागद कामाचा राहत नाही. जनावरे कुठल्या उंचवट्यावर न्यायची आणि तिथे चारा कोणाचा, हे मृगाआधी ठरलेले असेल तर माणसे गोठ्यापायी अडकून पडत नाहीत. भूकंपाची गोष्ट आणखी वेगळी. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. तिथे कोठीतले धान्य कोणाला वाचवू शकत नव्हते. तिथे बेगमी करायची ती भिंतीच्या बांधणीत, लाकडी चौकटीत आणि छपराचे वजन उतरवण्यात.

मला सर्वांत जड जाणारा आक्षेप गरिबीचा आहे. ज्याचे हातावर पोट आहे, जो संध्याकाळच्या मजुरीतून रात्रीपुरते तेल आणि पावशेर तांदूळ आणतो, दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांसह राहतो, त्याला पन्नास लिटर पाणी आणि पंधरा दिवसांचे धान्य ठेवायला सांगणे अन्यायाचे आहे. त्याच्या अडचणीला त्याची बेफिकिरी कारण नाही. हे महाराष्ट्राने कधीतरी मान्य केलेले आहे: पावसाळ्यात रोजगार थांबतो आणि घरातले धान्य संपते म्हणून आदिवासी कुटुंबांसाठी १९७८ मध्ये खावटीची योजना सुरू झाली. आधी ते कर्ज होते. टाळेबंदीनंतर त्याचे अनुदान झाले, अर्धे धान्य-किराण्याच्या रूपात आणि अर्धे रोख. ज्यांना आगोट भरता येत नाही त्यांची आगोट सर्वांनी मिळून भरायची, असाच त्याचा अर्थ होतो. पण हाच मुद्दा ज्यांना साठा परवडतो त्यांच्याकडे बोट दाखवतो. पुराच्या दिवशी होड्या, टँकर, शिधा, डॉक्टर हे सगळे मोजके असते. चार खोल्यांच्या घराने पहिले तीन दिवस स्वतःचे स्वतः भागवले तर ती होडी आणि तो टँकर वस्तीकडे वळू शकतो. ऐपत असून तयारी न करणारे घर त्या दिवशी गरिबाच्या वाट्याचे घेते, हे मला अगदी सरळ दिसते. सरकारचे काय, असे विचारणाऱ्यालाही माझे उत्तर हेच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणे आली, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ हा नंबर मिळाला, आणि ती यंत्रणा चोख असावी हा नागरिकांचा हक्क आहे. तो बजावताना हेही मान्य करावे लागते की रस्ता तुटल्यावर पहिल्या काही तासांत कोणतीही यंत्रणा प्रत्येक दाराशी पोचत नाही.

बेगमीचा भार बायकांवरच पडतो, या आक्षेपाला मात्र मला उत्तर देण्याआधी मान्यता द्यावीशी वाटते. वैशाखाच्या उन्हात चिकाची घाटणी, दोन-तीन दिवस भिजवलेले गहू, पाटावर वळलेल्या शेवया, मिरच्यांनी भगभगणारे हात: या श्रमाला मजुरी नव्हती, आणि वर्षाच्या साठ्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात त्याचे फार तर कौतुक होते. तो भार पुन्हा घराघरांतल्या बायकांवर यावा असे मी मुळीच म्हणत नाही. सुदैवाने आजच्या बेगमीत कांडण-कुटणाचे काम जवळजवळ नाही. पाणी बदलणे, औषधांच्या तारखा बघणे, सेल तपासणे, कागदांच्या प्रती काढणे, नातेवाइकाकडे ठेवणे, सिलिंडर भरलेला आहे का ते बघणे, ही सगळी कामे घरातल्या पुरुषांना आणि मुलांना सहज करता येतात, आणि ती त्यांनीच करावीत. या कामांना दोन मुहूर्त आपल्या पंचांगातच आहेत. एक मृगाच्या आधीचा, आणि दुसरा घटस्थापनेपूर्वी घर झाडण्याचा, जेव्हा माळ्यावरचे सगळे खाली येतेच. अशा तयारीने घरात अभद्र चिंता शिरते, असे म्हणणाऱ्यांनी आगोटीकडे बघावे. अतिवृष्टीचा, पुराचा, उपासमारीचा विचार मनात ठेवूनच ती भरली जाई, आणि तरी त्या दिवसांत घरांत लगबग असे, धास्ती नसे. धास्ती त्या घरात असते जिथे काय बंद पडेल याचा विचारच कधी झालेला नाही.

एक काम मात्र एकट्या घराच्या आवाक्यातले नाही. आगोट घराची असली तरी तिच्यामागे गाव होते: कोणाकडे होडी आहे, कोणाची विहीर उंचावर आहे, कोणाची सून दिवसांत आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. शहराच्या इमारतीत हे आपोआप कळत नाही, म्हणून ते विचारावे लागते. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि तिच्यात रंगकाम आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा चालते. त्याच सभेत एक विषय असा घ्यावा: वीज गेल्यावर वरची टाकी किती तास पुरते, ती राखून वापरायची असेल तर बादल्यांचे वाटप कोण करणार, कोणत्या घरात ऑक्सिजनचे यंत्र आहे, कोणत्या मजल्यावर एकटे म्हातारे राहतात आणि त्यांच्यापर्यंत पाणी कोण पोचवणार. गावात १ मे ची ग्रामसभा नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर येते. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने त्या सभेत पाणी वाढल्यावर पहिल्यांदा कोणती घरे हलवायची, जनावरे कुठे न्यायची, चारा कोण देणार आणि होडी कोणाच्या ताब्यात राहणार हे नावानिशी लिहून काढावे, तो कागद शाळेच्या आणि चावडीच्या भिंतीवर लावावा, आणि नावे बदलली की पुढच्या १ मे ला तो नव्याने लिहावा.